परग्रहांचे सोवळे

कलकत्ता, ७ नोव्हेंबर १९५७. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ब्रिटन सोडून त्याच वर्षी भारतात स्थायिक झालेले विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे जोशुआ लेडरबर्ग हा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेवायला आला होता. वय अवघे ३२ वर्षांचे. ऑस्ट्रेलियातील वास्तव्य आटोपून मायदेशी परतताना त्याने वाटेत हाल्डेन यांची भेट घेतली होती. 'स्पुटनिक' अवकाशात जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि 'लायका' या कुत्रीला घेऊन दुसरा 'स्पुटनिक' चारच दिवसांपूर्वी झेपावला होता. रशियातील ऑक्टोबर क्रांतीला त्याच दिवशी ४० वर्षे पूर्ण होत होती. गप्पांच्या ओघात हाल्डेन यांनी एक तर्क लढवला. हा मुहूर्त साधून सोव्हिएत संघाने चंद्रावर अणुस्फोट घडवला आणि ग्रहणाच्या अंधारात 'लाल तारा' चमकवून दाखवला तर?

तसे काही घडले नाही. ग्रहण सुटले, चंद्र पूर्ववत झाला. मात्र लेडरबर्ग यांच्या मनात शिरलेली शंका सुटली नाही. राजकीय डामडौलासाठी चंद्रावर आणि ग्रहांवर घाईघाईने याने आदळू लागली, तर त्यांच्याबरोबर पृथ्वीवरचे जंतूही तेथे पोहोचतील आणि मग तेथे मुळात काय होते, हे कधीच कळणार नाही, ही ती शंका. मायदेशी परतताच त्यांनी वैज्ञानिक संस्थांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९५८ च्या प्रारंभी याविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव केला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेने या प्रश्नासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी लेडरबर्ग यांना जिवाणूंच्या जनुकशास्त्रातील संशोधनासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. आज 'ग्रहसंरक्षण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेचा उगम असा कलकत्त्यातील एका जेवणाच्या टेबलापर्यंत मागे नेता येतो.

'ग्रहसंरक्षण' हा शब्द ऐकला की परग्रहावरील आक्रमकांपासून पृथ्वी वाचवणारे एखादे खाते डोळ्यांसमोर येते. २०१७ मध्ये 'नासा'ने 'ग्रहसंरक्षण अधिकारी' या पदासाठी जाहिरात दिली, तेव्हा तिची जगभर चर्चा झाली ती या समजामुळेच. नऊ वर्षांच्या एका मुलानेही आपण या पदाला योग्य असल्याचे पत्र 'नासा'ला पाठवले होते. प्रत्यक्षातले काम बरेच नीरस, पण फार महत्त्वाचे आहे. पृथ्वीवरील सूक्ष्मजीव अन्य ग्रहांवर जाऊ न देणे आणि अन्य ग्रहांवरून काही आणायचे असल्यास ते बंदोबस्तात आणणे, या त्याच्या दोन बाजू आहेत.

यातील पहिली बाजू अनेकदा चुकीच्या पद्धतीने समजून घेतली जाते. मंगळावरील जीवसृष्टीला, ती असलीच तर, आपल्या जंतूंची बाधा होऊ नये हा उद्देश त्यात आहेच. पण नियमांचा मुख्य रोख वेगळा आहे. मंगळावर जीव सापडल्याची बातमी उद्या आली, तर पहिला प्रश्न विचारला जाईल तो म्हणजे 'हा जीव तिथलाच कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर देता यावे, यासाठी हा सारा खटाटोप आहे. नमुन्यात आपलाच जंतू मिसळला असण्याची शक्यता राहिली, तर अब्जावधी डॉलर खर्चून मिळालेल्या निष्कर्षाची किंमत शून्य होते.

रेंजरचा धडा

निर्जंतुकीकरण ऐकायला सोपे वाटते. शस्त्रक्रियेची हत्यारे वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करतात, तसेच यानही करावे, असे साठच्या दशकातील अभियंत्यांनाही वाटले होते. चंद्राकडे जाणाऱ्या 'रेंजर' मालिकेतील यानांचे भाग १२५ अंश सेल्सिअस तापमानात २४ तास तापवण्यात आले. १९६२ मध्ये सोडलेल्या 'रेंजर-३', '४' आणि '५' या तिन्ही मोहिमा फसल्या. पहिले यान चंद्राला चुकवून निघून गेले. दुसरे चंद्रावर आदळले, पण एकही छायाचित्र न पाठवता. तिसऱ्याची वीजच गेली. अपयशाची कारणे अनेक होती, परंतु दीर्घकाळ तापवल्याने इलेक्ट्रॉनिक भाग कमकुवत झाल्याचा ठपकाही ठेवण्यात आला आणि चांद्रयानांसाठी उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची सक्ती मागे घेण्यात आली. १९६४ मध्ये 'रेंजर-७' यशस्वी झाले.

यान चालायला हवे की ते निर्जंतुक हवे, हा झगडा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. चंद्रापुरता तो लवकर मिटला, कारण हवा नाही, वाहते पाणी नाही आणि दिवसरात्रीच्या तापमानात प्रचंड फरक, अशा जागी जंतू वाढणे शक्य नाही यावर एकमत होते. मंगळाबाबत मात्र तसे म्हणता येत नव्हते.

अवकाश संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे 'कोस्पार'ने, १९६४ मध्ये याबाबत पहिले निकष ठरवले. १९६७ मध्ये बाह्य अवकाशाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार, चंद्र व अन्य खगोलांचे 'हानिकारक दूषण' आणि परग्रहावरील द्रव्य आणल्याने पृथ्वीच्या पर्यावरणात होणारे प्रतिकूल बदल टाळणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. भारताने या करारावर १९६७ मध्येच स्वाक्षरी केली व १९८२ मध्ये तो अधिकृतरीत्या मान्य केला. 'हानिकारक' म्हणजे काय, याची व्याख्या मात्र करारात नाही. ती उणीव 'कोस्पार'च्या नियमावलीने भरून काढली जाते. आणि ही नियमावली कायदा नव्हे, सर्वांनी पाळावयाचा संकेत आहे.

या संकेतानुसार मोहिमांचे पाच वर्ग पडतात. जेथे जीवसृष्टीच्या दृष्टीने काहीच हाती लागण्याजोगे नाही, अशा ठिकाणची मोहीम पहिल्या वर्गात जाते. तिला कसलीही अट नाही. चंद्र व शुक्र दुसऱ्या वर्गात. तेथे कागदोपत्री नोंदी पुरतात. मंगळाभोवती किंवा गुरूच्या युरोपा या उपग्रहाजवळ फिरणारी याने तिसऱ्या, तेथे उतरणारी चौथ्या, आणि नमुने घेऊन पृथ्वीवर परतणारी सर्व याने पाचव्या वर्गात. मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानाच्या पृष्ठभागांवर मिळून तीन लाखांपेक्षा अधिक आणि प्रति चौरस मीटर सरासरी ३०० पेक्षा अधिक जिवाणू-बीजाणू असता कामा नयेत. बीजाणू म्हणजे काही जिवाणूंनी संकटकाळात धारण केलेले, जाड कवचातले निद्रिस्त रूप. तीन लाख हा आकडा मोठा वाटत असला तरी, मातीची एक चिमूट घेतली तर तीत याहून कितीतरी अधिक जिवाणू सापडतात.

जे मरत नाहीत

याने जेथे जुळवली जातात, ते स्वच्छ कक्ष बाहेरच्या माणसाला रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहापेक्षाही कडक वाटतील. तेथे हवा सतत गाळली जाते. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असलेले तंत्रज्ञ यानाचे भाग अल्कोहोलने पुन्हा पुन्हा पुसतात. उष्णता सहन करू शकणारे भाग तापवले जातात, तर नाजूक भागांवर हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली जाते. मग निर्जंतुक बोळ्याने पृष्ठभाग पुसून नमुना घ्यायचा, तो पाण्यात उतरवून ८० अंशांवर १५ मिनिटे ठेवायचा म्हणजे साधे जिवाणू मरतात व बीजाणू उरतात. ते पोषक द्रव्यावर पसरून तीन दिवस उबवायचे आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. व्हायकिंगच्या काळापासून मोजणीची हीच रीत चालत आली आहे. तिच्यात एक मोठी खोट आहे. बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे मोजणीत ते येतच नाहीत.

स्वच्छतेचा आणखी एक विचित्र परिणाम दिसून आला. सारे काही पुसून, वाळवून, उपाशी ठेवूनही जे जंतू टिकले, ते अत्यंत चिवट निघाले. कॅलिफोर्नियातील 'जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी'च्या यान-जुळणी कक्षात सापडलेला एक बॅसिलस जिवाणू अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या दोन्ही माऱ्यांना दाद देत नाही. दुसऱ्या एका जातीचे 'बॅसिलस सेफेन्सिस' हे नावच त्या कक्षाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्र आणि तेथून हजारो किलोमीटर दूर, दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधील कुरू येथील केंद्र, अशा दोनच ठिकाणी, आणि तेही स्वच्छ कक्षांतच, सापडलेल्या 'टर्सिकॉकस फीनिसिस' या जिवाणूची नोंद २०१३ मध्ये झाली. त्या शोधनिबंधाचे प्रमुख लेखक पराग वैशंपायन हे होते. 'फिनिक्स' या मंगळयानाच्या जुळणीच्या वेळी गोळा केलेल्या नमुन्यांतून तब्बल २६ नव्या जाती ओळखल्या गेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. घर झाडून झाडून शेवटी न मरणारेच तेवढे उरावेत, असा हा प्रकार आहे.

ते मंगळापर्यंत जिवंत पोहोचतील काय? उघड्यावर असतील तर बहुधा नाही. मंगळावर ओझोनचे छत्र नसल्याने सूर्याचे अतिनील किरण उघड्या बीजाणूंना काही मिनिटांत मारू शकतात. पण धुळीचा पातळ थर किंवा यानाच्या स्क्रूखालची फट एवढा आडोसाही त्यांना पुरतो. 'नासा'ने १९८४ मध्ये अवकाशात सोडलेल्या आणि १९९० मध्ये परत आणलेल्या एका उपग्रहावर ठेवलेले बीजाणू किरणांपासून आडोसा मिळाल्याने जवळपास सहा वर्षे निर्वात पोकळीत काढूनही जिवंत होते. जपानी शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर ठेवलेल्या 'डायनोकॉकस' जिवाणूंच्या गोळ्यांतील आतले जिवाणू तीन वर्षांनंतरही तग धरून असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. जगणे आणि वाढणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगळाच्या पृष्ठभागावर वाढण्यासाठी लागणारे द्रवरूप पाणी बहुतेक ठिकाणी नाही. म्हणूनच नियमावली 'विशेष प्रदेश' वेगळे काढते. जेथे तापमान उणे २८ अंशांच्या वर जाऊ शकते आणि जंतूंना वापरता येण्याजोगा पुरेसा ओलावा असू शकतो, ते हे प्रदेश. तेथे जाणाऱ्या यानाला कितीतरी कडक शुद्धी लागते.

व्हायकिंगची चूक, की सावधगिरी?

आजवरची सर्वांत कडक शुद्धी झाली ती १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन 'व्हायकिंग' यानांची. पुसून-धुऊन तीन लाख बीजाणूंच्या मर्यादेत आणलेले प्रत्येक अवतरणयान एका बंद कवचात ठेवून सुमारे ११२ अंश सेल्सिअस तापमानात जवळपास ३० तास भाजण्यात आले. ते कवच पृथ्वीचे वातावरण सोडल्यावरच उघडण्यात आले. यानाचा प्रत्येक सुटा भाग ही उष्णता सोसेल असा निवडावा लागला. खर्च अर्थातच प्रचंड आला.

इतके करूनही व्हायकिंगच्या निष्कर्षांना दूषणाच्या संशयाने गाठलेच. मंगळाची माती तापवून तिच्यातून निघणारे वायू तपासले असता क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन ही कार्बनी संयुगे अत्यल्प प्रमाणात आढळली. पृथ्वीवर यानाचे भाग धुण्यासाठी वापरलेल्या द्रावणांचे ते अवशेष असावेत, असे मानून शास्त्रज्ञांनी ती बाजूला ठेवली. निष्कर्ष निघाला की मंगळाच्या मातीत सेंद्रिय पदार्थ नाहीत. त्याच यानांवरील एका जैविक प्रयोगाने दिलेला होकारार्थी संकेतही त्यामुळे रासायनिक क्रिया म्हणून निकालात निघाला. मंगळावरील जीवशोधाचा उत्साह मावळला आणि पुढची सुमारे २० वर्षे एकही अमेरिकी यान मंगळावर उतरले नाही.

२००८ मध्ये 'फिनिक्स' यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले आणि जुने कोडे पुन्हा उघडले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील सेंद्रिय अंश असलेल्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तर नेमकी तीच दोन संयुगे तयार होतात, असे २०१० मध्ये मेक्सिकोतील शास्त्रज्ञ राफाएल नवारो-गोन्सालेस व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे व्हायकिंगने मंगळावरील सेंद्रिय पदार्थ कदाचित पाहिले होते आणि धुण्याचे द्रावण समजून सोडून दिले होते. पुढे 'क्युरिऑसिटी' रोव्हरने मंगळाच्या खडकात सेंद्रिय रेणू असल्याचे निःसंशयपणे दाखवले. त्या वेळीही रोव्हरच्या उपकरणात पृथ्वीवरून नेलेले एक रसायन सांडल्याने त्याचा अंश वजा करून मगच निष्कर्ष मांडावे लागले होते. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दूषण प्रत्यक्ष झालेच पाहिजे असे नाही. ते झाले नाही, हे सिद्ध करता आले नाही तरी दशके वाया जाऊ शकतात.

चंद्रावरची एक कथा याच्या अगदी उलट आहे. १९६७ मध्ये उतरलेल्या 'सर्व्हेयर-३' यानाचा कॅमेरा 'अपोलो-१२' च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये परत आणला, तेव्हा त्यात 'स्ट्रेप्टोकॉकस मायटिस' हा माणसाच्या तोंडात राहणारा जिवाणू सापडला. ३१ महिने चंद्रावर राहूनही तो जगल्याची ही कहाणी कित्येक पुस्तकांत छापली गेली. पुढे जुन्या चित्रफिती व नोंदी तपासल्यावर, तपासणी करणाऱ्यांचे कपडे व हाताळणी पुरेशी काटेकोर नव्हती आणि तो जिवाणू बहुधा प्रयोगशाळेतच कॅमेऱ्यात शिरला असावा, असे मत 'नासा'चे माजी ग्रहसंरक्षण अधिकारी जॉन रमेल व अन्य तज्ज्ञांनी मांडले. ही जुनी कहाणी अजूनही अधूनमधून खरी म्हणून सांगितली जाते.

जेथे शोधायचे, तेथेच बंदी

व्हायकिंगनंतर एवढी शुद्धी पुन्हा कोणत्याही संपूर्ण यानाची झाली नाही. 'फिनिक्स'चा केवळ बर्फ उकरणारा यांत्रिक हात निर्जंतुक करून पिशवीत बंद करण्यात आला. 'क्युरिऑसिटी'बाबत तर ठरलेली शिस्तही बिघडली. रोव्हरच्या ड्रिलची पाती निर्जंतुक करून बंद पेटीत ठेवायची आणि ती मंगळावरच उघडायची, असे ठरले होते. उतरताना यंत्रणेला धक्का बसून पाते बसवताच आले नाही तर काय, या भीतीने अभियंत्यांनी उड्डाणापूर्वीच पेटी उघडून एक पाते ड्रिलला बसवून टाकले. तत्कालीन ग्रहसंरक्षण अधिकारी कॅथरीन कॉनली यांना हे कळले तेव्हा उशीर झाला होता. अखेर मोहिमेचा वर्ग खाली आणण्यात आला आणि बर्फ किंवा ओलावा असलेल्या जागी रोव्हरने जायचे नाही, अशी अट पडली.

ही अट पुढे बोचली. मंगळावरील काही उतारांवर उन्हाळ्यात काळ्या रेघा उमटतात व थंडीत पुसट होतात. २०१५ मध्ये त्यांचा संबंध खारट पाण्याशी जोडला गेला, तेव्हा 'क्युरिऑसिटी'पासून काही किलोमीटरवर असलेल्या तशाच रेघांजवळ तरी जावे काय, यावर खल सुरू झाला. २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार या रेघा पाण्याच्या नसून कोरड्या वाळूच्या घसरणीच्या असण्याची शक्यता अधिक आहे, त्यामुळे तो वाद थंडावला. मूळ पेच मात्र कायम आहे. जेथे जीव असण्याची शक्यता सर्वाधिक, तेथेच आपला जंतू वाढण्याची शक्यताही सर्वाधिक. आणि म्हणून तेथेच जायला सर्वाधिक बंदी. या नियमांचा अतिरेक होत असून त्यापायी जीवशोधाच्या मोहिमाच होत नाहीत, असे अल्बेर्तो फेरेन आणि डर्क शुल्झ-माकुख या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात लिहिले. उल्कांच्या आघाताने पृथ्वीवरचे खडक मंगळावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच पोहोचलेले असणार, मग जंतूंचे एवढे कौतुक कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. हा तर्क दुर्लक्षण्याजोगा नाही. पण तो मान्य केला तर आपला जंतू आणि मंगळाचा जीव ओळखणे आणखी कठीण होईल, हेही तितकेच खरे. आणि अशा वेळी काल गेलेला नवा जंतू तरी त्यात मिसळू नये, हे शहाणपणाचे ठरते.

गुरू आणि शनीच्या उपग्रहांबाबत असा वाद फारसा झाला नाही. बर्फाच्या कवचाखाली महासागर असलेल्या युरोपावर आदळू नये म्हणून 'गॅलिलिओ' यान २१ सप्टेंबर २००३ रोजी मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून नष्ट करण्यात आले. १९८९ मध्ये ते सुटले तेव्हा त्या महासागराची कल्पना पक्की नव्हती, त्यामुळे त्याचे निर्जंतुकीकरण झालेले नव्हते. शनीच्या एन्सेलेडस या चिमुकल्या उपग्रहातून पाण्याचे फवारे उडतात, हे ज्या 'कॅसिनी' यानाने दाखवले, त्यालाही त्याच शोधापायी १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीत देह ठेवावा लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या 'युरोपा क्लिपर'मुळे तेथील महासागर दूषित होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असावी, अशी अट आहे.

भारताचा हिशेब

'मंगळयान' हे मंगळाभोवती फिरण्यासाठी होते, म्हणजे तिसऱ्या वर्गातले. अशा यानाचे निर्जंतुकीकरण न करता सोडायचे असेल, तर ते पहिल्या २० वर्षांत ग्रहावर पडण्याची शक्यता शेकडा एकच्या आत आणि पुढच्या ३० वर्षांत शेकडा पाचच्या आत असावी लागते. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या या यानाची कक्षा जवळच्या टोकाला सुमारे ४२० किलोमीटर आणि दूरच्या टोकाला सुमारे ७७ हजार किलोमीटर अशी लांबट होती. २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. चालक नसलेले यान पुढे किती वर्षे वर राहील, याचा विचार उड्डाणापूर्वीच करायला लावणारा हा नियम आहे.

चंद्राचे नियम बदलण्यास मात्र भारताचाही हातभार लागला. 'चांद्रयान-१' वरील 'नासा'च्या उपकरणाने २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या आणि ध्रुवांवरच्या कायम सावलीतील बर्फाचे महत्त्व वाढले. 'कोस्पार'ने २०२१ मध्ये दुसऱ्या वर्गाचे दोन भाग केले. दक्षिणेस ७९ अंशांच्या आणि उत्तरेस ८६ अंशांच्या पलीकडे उतरणाऱ्या यानाला आता आपल्यावरील सेंद्रिय पदार्थांची यादी द्यावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये 'चांद्रयान-३' उतरले ते सुमारे ६९ अंश दक्षिणेला, म्हणजे या रेषेच्या अलीकडे. जपानबरोबरची नियोजित 'चांद्रयान-५' मोहीम ध्रुवीय प्रदेशासाठी आहे. तिला या यादीपासून सुटका नाही.

दूषणाच्या शंकेशी भारतीय शास्त्रज्ञांची गाठ त्याआधीच, आणि तीही पृथ्वीच्या वातावरणातच, पडली होती. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 'इस्रो'ने २००१ व २००५ मध्ये हैदराबाद येथून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांत गोळा केले. हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा दोन प्रयोगशाळांत त्यांची स्वतंत्र तपासणी झाली आणि तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांना हॉईल, आर्यभट आणि इस्रो यांची नावे देण्यात आली. जीव अवकाशातून येतात, हा फ्रेड हॉईल यांचा सिद्धांत नारळीकरांना जवळचा होता. तरीही हे जिवाणू परग्रहावरचे आहेत असे यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही, असेच 'इस्रो'ने सांगितले. नळकांडी कितीही शुद्ध असली, तरी हे जंतू वरून आले की वाऱ्याने खालून चढले, हे त्यांवरून ठरवता येत नव्हते.

परतीची वाट

परग्रहावरून येणाऱ्या संकटाची तयारी मानवाने एकदा केली होती आणि ती फारशी अभिमानास्पद नव्हती. 'अपोलो-११' चे तिघे वीर २१ दिवस विलगीकरणात ठेवले गेले. परंतु त्यांना बाहेर काढण्यासाठी समुद्रातच यानाचे दार उघडले गेले. चंद्रावर खरोखरच जंतू असता, तर तो त्याच क्षणी प्रशांत महासागरात गेला असता. 'अपोलो-१४' नंतर विलगीकरण बंद झाले. उलट दिशेचा धोका किती सहज घडतो, हे जपानने 'र्‍यूगू' लघुग्रहावरून २०२० मध्ये आणलेल्या धुळीने दाखवले. लंडनमध्ये तपासणीसाठी नेलेल्या एका कणावर पृथ्वीवरच्याच सूक्ष्मजीवांनी पाहता पाहता वसाहत केल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तो नमुना नायट्रोजनमध्ये जपून आणलेला होता.

खासगी कंपन्या आणि माणसे यांचे काय करायचे, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नाही. एप्रिल २०१९ मध्ये चंद्रावर कोसळलेल्या इस्रायली 'बेरेशीट' यानावर एका अमेरिकी संस्थेने हजारो टार्डिग्रेड, म्हणजे अतिसूक्ष्म व अतिचिवट प्राणी, वाळवून पाठवले होते. ही गोष्ट यान पाठवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हती. ती आधी जाहीर झाली असती तरी चंद्राच्या नियमात कदाचित बसली असती. प्रश्न न सांगण्याचा होता. मंगळावर माणूस गेला तर तीन लाख बीजाणूंचा हिशेब हास्यास्पदच ठरेल, कारण मानवी शरीरात अब्जावधींच्याही पुढे, लक्षावधी कोटी जिवाणू असतात आणि माणसाला ११२ अंशांवर भाजता येत नाही. त्यामुळे माणूस पोहोचण्यापूर्वी जे पाहायचे ते पाहून घ्यावे, असा एक मतप्रवाह आहे.

ते पाहण्यासाठी लागणारे नमुने मंगळावर तयार आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेला 'पर्सिव्हरन्स' रोव्हर जेझेरो विवरात खडक कोरून ते नळ्यांत भरत आहे. त्यातील एका खडकावर दिसलेले ठिपके जीवाची संभाव्य खूण असू शकतात, असे सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. ती खात्री पृथ्वीवरील प्रयोगशाळेतच होऊ शकते. पण नमुने परत आणण्याचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाण्याचा अंदाज आल्यावर 'नासा'ची ती मोहीम रखडली आहे, तर चीनने 'तियानवेन-३' ही आपली नमुना-मोहीम २०२८ च्या सुमारास सोडण्याचे ठरवले आहे.

२०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या प्रारंभापर्यंत रोव्हरने दहा नळ्या विवरातील एका सपाट जागी ठेवून दिल्या. त्यांतील एका नळीत मंगळाचा खडक नाही की माती नाही. तिला 'साक्षीदार नळी' म्हणतात. खोदकामाच्या वेळी ती उघडून पुन्हा बंद करण्यात आली, एवढेच. रोव्हरबरोबर पृथ्वीवरून काय काय आले होते, त्याचा अंश तिच्यात उतरला असेल. आणि उरलेल्या नळ्यांत काही सापडलेच, तर ते तिथले की इथले, हे ठरवताना आधी ती उघडावी लागेल.